सील मारला एकाने, वाटे गेले बारा घरांत : इनुइट लोकांची वाटपाची रीत



रापण ओढून झाली की वाळूवर मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्या हातांचा वेगळा. कोणाचा वाटा किती हे मासळी बघून ठरत नाही, ते आधीच ठरलेलं असतं. म्हणून घाईगर्दीत, कावळे-घारी डोक्यावर फिरत असतानासुद्धा काम पुढे सरकतं. आजच्या पाठात अशाच वाट्यांची माहिती घेऊया, पण ती पृथ्वीच्या अगदी उत्तरेकडच्या लोकांची. त्यांचं नाव इनुइट. त्यांच्याकडे वाटा हा फक्त हिशोब नव्हता, तो जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

हे लोक कोण आणि राहतात कुठे

आपण शाळेच्या पुस्तकात 'एस्किमो' हा शब्द वाचला. कॅनडा आणि ग्रीनलंडमधल्या बऱ्याच लोकांना तो शब्द आवडत नाही, कारण तो दुसऱ्यांनी दिलेला आहे. ते स्वतःला इनुइट म्हणतात. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'माणसं'. एक माणूस असेल तर इनुक. ग्रीनलंड, कॅनडाची उत्तर बाजू, अलास्का आणि रशियाचं पूर्व टोक मिळून ही सगळी माणसं सुमारे १ लाख ८० हजार. म्हणजे आपल्याकडच्या एका मध्यम शहराएवढी, आणि पसरली आहेत अर्ध्या पृथ्वीच्या माथ्यावर.

कॅनडात १ एप्रिल १९९९ रोजी त्यांच्या वस्तीचा मोठा भाग वेगळा काढून नुनावुत नावाचा प्रदेश झाला. त्याच्या राजधानीचं नाव इकालुइत. या नावाचा अर्थ ऐकून तुम्हाला बरं वाटेल : भरपूर मासे असलेली जागा.

आपल्याकडे बर्फ म्हणजे पेटीत मासळीवर घालायचा. तिथे समुद्रच बर्फ होतो. मोठ्या भागात वर्षातले सात-आठ महिने, काही ठिकाणी त्याहून जास्त. हिवाळ्यात उणे ३० अंश ही नेहमीची गोष्ट. शेती नाही, झाड नाही, भाजीपाला नाही. पोट भरायचं ते समुद्रातल्या आणि जमिनीवरच्या जनावरांवर : सील, वॉलरस, देवमासा, कॅरिबू नावाचं मोठं हरीण, आणि नदी-तळ्यातला चार नावाचा मासा.

बर्फावरची शिकार

सील हा मासा नव्हे. तो हवेत श्वास घेणारा प्राणी आहे. त्यामुळे समुद्र गोठला की त्याला अडचण होते. मग तो आपल्या पुढच्या पंज्यांच्या नखांनी बर्फ खरवडून श्वासाची भोकं उघडी ठेवतो. अशा भोकाला अग्लू म्हणतात. एका सीलची एक नव्हे, अनेक भोकं असतात, आणि वरून ती बर्फाच्या चुऱ्याने झाकलेली. माणसाला दिसत नाहीत. शिकाऱ्याचा कुत्रा वासावरून ती शोधतो.

भोक सापडलं की शिकारी त्यावर वाकून उभा राहतो. पायाखाली कातड्याचा तुकडा, म्हणजे पाय गारठत नाहीत आणि आवाजही होत नाही. भोकात एक बारीक काडी किंवा पीस लावून ठेवतो. सील खाली आला की ते हलतं. तेवढ्यात हार्पून, म्हणजे दोरी बांधलेला भाला, सरळ खाली मारायचा. त्या भाल्याचं टोक सुटं असतं. ते चरबीत शिरलं की आत आडवं फिरतं आणि अडकून बसतं. गरीला काटा असतो तसंच काम, फक्त युक्ती वेगळी.

आता मुख्य मुद्दा बघा. सील कोणत्या भोकावर येईल हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून एकट्याने शिकार करणं म्हणजे नुसतं नशीब. दहा-बारा जण निघाले आणि एकेका भोकावर एकेक जण उभा राहिला, तर सीलला कुठेतरी वर यावंच लागतं. सगळे तासन् तास थंडीत उभे राहतात आणि सील येतो एकाच्याच भोकावर. भाला मारला एकाने, पण बाकीच्यांनी आपापली भोकं अडवून धरली म्हणून तो त्याच्याकडे आला. मग तो सील कोणाचा?

वाटे कसे पडत

याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर नेत्सिलिक लोकांकडे मिळतं. हे कॅनडाच्या उत्तरेकडचे इनुइट. त्यांच्या नावातच सील आहे. पेली बे, म्हणजे आजचं कुगारुक गाव, तिथे बेल्जियमहून आलेले मिशनरी फ्रान्स वान दे वेल्डे यांनी बरीच वर्षं राहून वाटपाचे नियम लिहून ठेवले. पुढे १९६०च्या सुमारास आसेन बालिक्ची या मानववंश अभ्यासकाने त्याच लोकांत राहून म्हाताऱ्यांकडून जुनी रीत समजून घेतली.

रीत अशी. मुलगा लहान असतानाच त्याची आई त्याच्यासाठी सीलचे भागीदार ठरवून ठेवायची. साधारण बारा. प्रत्येक भागीदाराचा सीलचा ठरलेला भाग : एकाची मागची मांडी, एकाची बरगडी, एकाची मान, असं. मुलगा मोठा होऊन शिकार करू लागला की दर सीलमागे तो तो भाग त्या त्या भागीदाराच्या घरी जायचा. आणि भागीदाराने सील मारला की त्याच्याकडून तसाच भाग इकडे यायचा. आयुष्यभर.

यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली. भागीदार एकमेकांना नावाने नव्हे, त्या भागाच्या नावाने हाक मारायचे. 'काय रे माझ्या मांडी' अशा अर्थाने. आपल्याला हसू येईल, पण त्यातून रोज आठवण राहायची की या माणसाचं आपल्यावर काय देणं आहे आणि आपलं त्याच्यावर काय.

दुसरी. अगदी जवळचे नातेवाईक या बारांत धरत नसत. कारण भावाला, चुलत्याला माणूस देतोच, त्याला नियम लागत नाही. नियम लागतो तो लांबच्या माणसासाठी. म्हणून भागीदारी मुद्दाम बाहेरच्यांशी बांधलेली असे. एखादा भागीदार वारला तर शक्यतो त्याच नावाचा दुसरा माणूस त्याच्या जागी यायचा. जागा रिकामी ठेवत नसत.

तिसरी. मांस वाटायचं काम शिकाऱ्याचं नव्हे, त्याच्या बायकोचं. बर्फावर शिकारी मंडळी सील मिळाल्यावर थोडं काळीज आणि चरबी तिथेच मिळून खात, आणि पोटावरची चीर पुन्हा बंद करत. मग सील ओढत घरी आणायचा. घरी बायको उलू नावाच्या अर्धचंद्रासारख्या सुरीने तो कापायची आणि भागीदारांच्या बायका आपापला भाग घेऊन जायच्या. म्हणजे कोणाला मोठा तुकडा द्यावा, कोणावर राग आहे, कोण आज कामाला नीट उभा राहिला नाही, असले प्रश्न शिकाऱ्यासमोर येतच नसत. वाटा माणसाच्या मर्जीवर ठेवलेलाच नव्हता.

हा चांगुलपणा होता की हिशोब?

बरेच जण असं वाचून म्हणतात, किती भोळी, किती प्रेमळ माणसं. तसं समजू नये. त्यांच्यातही भांडणं होत, रुसवे होत, आणि वाईट वर्षी उपासमारीने माणसंही मरत. वाटपाची रीत त्या उपासमारीवर शोधलेला उपाय होता.

सोपा हिशोब करून बघू. समजा बारा घरं आहेत आणि प्रत्येक घराला बारा दिवसांत सरासरी एक सील मिळतो. प्रत्येकाने आपापला ठेवला तर एका घरात एकदम पन्नास-साठ किलोंचं जनावर, आणि शेजारच्या घरात काहीच नाही. सरासरी बारा दिवसांची असली तरी नशीब सरासरीने चालत नाही. एखाद्याला आठवड्यात तीन मिळतील, एखाद्याला महिनाभर एकही नाही. पण वाटून घेतलं तर वस्तीत रोज सरासरी एक सील येतो आणि रोज प्रत्येक घरात थोडंतरी शिजतं. मिळकत तेवढीच, उपाशी दिवस मात्र जवळपास संपले.

आणि प्रश्न फक्त खाण्याचा नव्हता. त्यांच्या घरात कुल्लिक नावाचा दगडी दिवा असायचा. त्यात सीलच्या चरबीचं तेल जळायचं. त्याच दिव्यावर उजेड, त्यावरच ऊब, त्यावरच बर्फ वितळवून प्यायचं पाणी, ओले कपडे वाळवणंही त्यावरच. ज्या घरात सील नाही त्या घरात दिवा नाही, आणि दिवा नाही म्हणजे पाणीसुद्धा नाही. शेजाऱ्याचा दिवा विझू देणं म्हणजे पुढच्या महिन्यात आपला विझला तर कोणी विचारणार नाही, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

डॅनिश प्रवासी पीटर फ्रॉइकेन ग्रीनलंडच्या उत्तरेला इनुइट लोकांत राहत होता. क्नुड रासमुसेनबरोबर त्याने १९१० मध्ये थुले इथे व्यापाराचं ठाणं उघडलं. तो लिहितो की एकदा मांस मिळाल्यावर त्याने आभार मानले तर शिकाऱ्याला ते आवडलं नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की इथे कोणी कोणावर उपकार करत नाही, मांसावर हक्कच आहे, आणि उपकाराने माणूस दबतो. आपणही वाटा घेताना कुणाचे आभार मानत नाही ना? दान घेताना मानतो. वाटा आणि दान यांत एवढा फरक आहे.

प्रत्येक शिकारीला एकच नियम नाही

आता तुम्ही म्हणाल, मग सगळंच सगळ्यांचं का? तसंही नाही. नियम शिकारीप्रमाणे बदलत.

उन्हाळ्याच्या शेवटी चार मासा समुद्रातून नदीत वर चढतो. नेत्सिलिक लोक नदीत दगडांचा बांध घालून त्याला अडवत. या बांधाला सापुतित म्हणतात. मासे आत जमले की सगळे पुरुष एकदम पाण्यात उतरत आणि काकिवाक नावाच्या तीन काट्यांच्या भाल्याने मासे मारत. इथे मात्र ज्याने मारला त्याचा मासा. का? मासे भरपूर, पाणी उथळ, संधी सगळ्यांना सारखी. हिवाळ्यातल्या सीलसारखा नशिबाचा खेळ तिथे नव्हता. जिथे धोका मोठा आणि नशिबावर सगळं, तिथे वाटपाचा नियम कडक. जिथे प्रत्येकाला मिळणारच, तिथे नियम सैल.

ग्रीनलंडमध्ये पांढऱ्या अस्वलाचं कातडं भाला मारणाऱ्याला नव्हे, तर ज्याने ते अस्वल आधी पाहिलं त्याला द्यायची पद्धत आहे. म्हणजे नजर ठेवणाऱ्यालाही किंमत. तिथल्या उत्तर भागात नारव्हाल नावाचा दाताळ देवमासा मारला की पहिला हार्पून कोणाचा लागला, दुसरा कोणाचा, या क्रमाने भाग पडतात.

आणि एक रीत बहुतेक सगळीकडे सापडते. मुलाने आयुष्यातला पहिला सील मारला की तो त्याने स्वतःकडे ठेवायचा नाही. सगळा वाटून टाकायचा. आधी म्हाताऱ्याकोताऱ्यांना. सगळे त्याचं कौतुक करतात, ते मोठ्याने करतात. पोरगं पहिल्याच दिवशी शिकतं की शिकारी म्हणजे ज्याच्या हातून लोकांना मिळतं तो.

एका देवमाशाचं गाव

अलास्काच्या उत्तर टोकाला उत्कियाग्विक नावाचं गाव आहे. २०१६ पर्यंत त्याचं सरकारी नाव बॅरो होतं. तिथले इनुपियात लोक, इनुइटांचेच भाऊबंद, बोहेड जातीच्या देवमाशाची शिकार करतात. हा देवमासा पन्नास-साठ टनांपर्यंत भरतो. होडीच्या मालकाला उमियालिक म्हणतात. वसंतात ते उमियाक घेऊन जातात. लाकडी सांगाड्यावर दाढीवाल्या सीलची कातडी शिवून केलेली ही होडी. तिची कातडी शिवायचं काम बायकांचं, आणि ती शिवण गळली तर सगळे बुडाले.

देवमासा मिळाला की सगळं गाव तो बर्फावर ओढायला येतं. ओढायला, कापायला जे जे खलाशी आले त्यांचे वाटे ठरलेले. मालकाच्या वाट्यातूनही त्याला सगळ्यांना जेवू घालावं लागतं. त्याच्या घरी गावाला मांस शिजवून वाढतात. जून महिन्यात नालुकाताक नावाचा सण होतो, त्यात सगळ्या गावाला पुन्हा वाटप. उरलेलं मांस गोठवून थँक्सगिव्हिंग आणि नाताळाला वाटतात. हे मांस विकायला कायद्याने परवानगी नाही. म्हणजे होडी, इंधन, खलाशांचं जेवण हा सगळा खर्च मालकाचा, आणि हातात येतो तो मान. तरी उमियालिक होण्यासाठी लोक वर्षानुवर्षं तयारी करतात.

१९७७ साली या रीतीवर संकट आलं. देवमासे दोन हजारांच्याही आत उरले आहेत असा अंदाज देऊन आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने या शिकारीवर बंदी घातली. गावचे शिकारी म्हणाले, तुमची मोजणी चुकली. बर्फाच्या कडेला उभं राहून दिसतात तेवढेच तुम्ही मोजता. देवमासे बर्फाखालून आणि लांबूनही जातात. ते फक्त रागावून बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी अलास्का एस्किमो व्हेलिंग कमिशन ही शिकाऱ्यांची आपली संस्था काढली आणि शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन मोजणी सुधारली. पाण्यात आवाज टिपणारी यंत्रं सोडली तेव्हा कळलं की नजरेआड खरोखर पुष्कळ देवमासे जातात. २०११च्या मोजणीत आकडा १६ हजारांच्या वर गेला.

आज ११ गावं त्या संस्थेत आहेत. किती देवमाशांवर हार्पून टाकायचा याचा कोटा गावागावांत वाटलेला असतो. एखाद्या गावचं हवामान बिघडलं आणि त्यांचा कोटा उरला तर तो दुसऱ्या गावाला देता येतो. म्हणजे आधी मांस वाटत होते, आता मारायचा हक्कसुद्धा वाटून घेतात.

पैसा आला तेव्हा काय झालं

ही सगळी जुनी गोष्ट नाही. १९५० आणि १९६०च्या दशकांत कॅनडातले बरेचसे इनुइट फिरती वस्ती सोडून गावांत राहायला आले. शाळा, दवाखाना, दुकान आलं. कुत्र्यांच्या गाडीऐवजी बर्फावर चालणारी मोटारगाडी आली, हार्पूनबरोबर बंदूक आली. त्यामुळे शिकारीला आता पेट्रोल लागतं, सुटे भाग लागतात, काडतुसं लागतात. तो पैसा सीलची कातडी विकून मिळायचा. मांस गावात वाटायचं, कातडं बाजारात. हे जमून गेलं होतं.

१९८३ मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्याची आयात बंद केली. ती बंदी दुसऱ्या जातींच्या पिल्लांसाठी होती. इनुइट मारत होते तो वेगळ्या जातीचा सील. पण बाजाराला एवढा फरक कळत नाही. सीलचं कातडं म्हटलं की गिऱ्हाईक पळालं, भाव कोसळला. क्लाइड रिव्हर गावात अनेक वर्षं काम केलेले अभ्यासक जॉर्ज वेन्झेल यांनी हे लिहून ठेवलंय. समुद्रात सील तेवढेच, शिकारी तेवढेच, पण पेट्रोलला पैसा नाही म्हणून घराबाहेर पडता येईना. आणि शिकारी बाहेर पडला नाही तर वाटायला काही येत नाही.

दुकानात माल मिळतो, पण तो विमानाने किंवा उन्हाळ्यात जहाजाने येतो. त्यामुळे किंमत फार. २००७-०८ मध्ये झालेल्या आरोग्य पाहणीत नुनावुतमधल्या इनुइट घरांपैकी दहातल्या जवळपास सात घरांत पुरेसं अन्न मिळण्याची खात्री नव्हती. जगातल्या श्रीमंत देशांपैकी एका देशात.

तरी वाटप संपलं नाही, त्याने रूप बदललं. ज्याला नोकरी आहे तो पेट्रोल भरून देतो, ज्याला वेळ आणि कसब आहे तो बर्फावर जातो, आणि मांस दोघांच्या घरी येतं. गावच्या रेडिओवर सांगतात की अमक्याच्या घरी मांस आहे, घेऊन जा. लाब्राडोरमधल्या नाइन गावात सामायिक फ्रीझर आहे. शिकार झाली की त्यात ठेवायची, आणि ज्यांना शिकारीला जाता येत नाही त्यांनी तिथून न्यायची. अलीकडे काही जण फेसबुकवर मांस विकतातही. त्यावर गावांत वाद आहे. एक बाजू म्हणते, अन्न विकणं आपल्या रीतीत बसत नाही. दुसरी म्हणते, पेट्रोलचा खर्च कोण देणार? दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे, म्हणूनच वाद मिटत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवायचं

१. वाटे शिकारीआधी ठरलेले होते. सील समोर पडल्यावर ठरवायला बसले असते तर रोज भांडण झालं असतं.

२. वाटा हक्काचा होता, दयेचा नव्हता. म्हणून घेणाऱ्याची मान खाली जात नव्हती.

३. नियम मुख्यतः लांबच्या माणसासाठी होता. आपल्या घरच्याला तर कोणीही देतो.

४. जिथे नशिबावर सगळं अवलंबून, तिथे नियम कडक. जिथे सगळ्यांना मिळतं, तिथे सैल.

५. खर्च वाढला की वाटपाची रीत मोडायला येते. तेव्हा खर्चही वाटून घ्यावा लागतो, नुसती मासळी वाटून भागत नाही.

हा शेवटचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. रापणीला हातांची ताकद लागायची, आता बोटीला डिझेल लागतं. वाट्याचे जुने नियम हातांसाठी केलेले होते. डिझेलचा भार कोणी किती उचलायचा हे जिथे आधी बसून ठरलं, तिथे वाटप टिकलं.

तुमच्या वाड्यावर रापणीचे वाटे कसे पडायचे, म्हाताऱ्यांना आणि विधवा बायकांना काय मिळायचं, हे घरच्या जुन्या माणसांना विचारा आणि खाली लिहा. हे नियम कुठे लिहिलेले नाहीत. ती माणसं आहेत तोवर विचारून घेऊया.